अवेळी गेलेल्यांची सोय

महाराष्ट्रातल्या जुन्या शिवमंदिराच्या आवारात, गावकुसाच्या कडेला किंवा म्हसोबाच्या चौथऱ्याशेजारी दोन-तीन हात उंचीचे कोरीव दगड टेकून ठेवलेले असतात. निम्मे मातीत, निम्मे शेंदरात. कोणाला ते देव वाटतात, कोणाला पडक्या देवळाचे अवशेष. जाणकार त्यांना वीरगळ म्हणतात. कर्नाटकात हेच दगड हजारोंच्या संख्येने आहेत, गुजरातेत त्यांना पाळिया म्हणतात, तमिळ मुलखात नडुकल. आपल्याकडे त्यांच्याविषयी अलीकडे बरेच लिहिले-बोलले जाते, आणि बहुतेक लिखाणाचा सूर ठरलेला असतो: हा आपल्या पूर्वजांच्या शौर्याचा वारसा. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. दगड नीट वाचला, तो कुठे उभा केला, कोणासाठी केला आणि पुढे लोक त्याच्याशी कसे वागले हे पाहिले, तर शौर्याच्या आधी दुसरी एक निकड समोर येते. धडधाकट माणूस वयाच्या भरात, घरापासून लांब, अर्धे आयुष्य बाकी असताना मारला गेला, तर त्याच्या मरणाचे करायचे काय, हा गावापुढचा प्रश्न होता. वीरगळ हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि शौर्य हा त्या उत्तराचा एक भाग आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी दगड पाहू. नेहमीच्या वीरगळावर तीन किंवा चार चौकटी एकावर एक असतात आणि त्या खालून वर वाचायच्या असतात. सर्वांत खाली वीर आडवा पडलेला; पुष्कळदा त्याच्या बाजूला गायींची रांग, एकीच्या पाठीवरून दुसरीचे शिंग डोकावते आहे. त्याच्या वर लढाई: ढाल, तलवार, कधी भाला, कधी घोडा. त्याच्या वर दोन्ही बाजूंनी अप्सरा येऊन त्याला दंडाला धरून उचलताहेत, एखादीच्या हातात माळ किंवा चवरी. सर्वांत वर शिवलिंग, एका बाजूला पूजा करणारा पुजारी, दुसऱ्या बाजूला हात जोडून बसलेला तोच वीर. शेंड्यावर कळस, आणि बहुधा चंद्रसूर्य. मरणारा जैन असेल तर लिंगाच्या जागी तीर्थंकर, वैष्णव असेल तर विष्णू. आता या मांडणीतला जागेचा हिशेब लक्षात घ्यावा. लढाईला एक चौकट मिळाली, प्रेताला तिच्याहूनही थोडी जागा. उरलेला दगड मरणानंतर काय झाले ते सांगण्यात खर्च झाला आहे. नुसता पराक्रम मिरवायचा असता तर पाथरवटाने लढाईच मोठी केली असती. तसे दगड आहेतही. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरच्या उंच वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची रांग आणि भर समुद्रातली लढाई कोरलेली आहे. काही अभ्यासकांनी तिचा संबंध इ. स. १२६५ च्या सुमारास यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात झालेल्या युद्धाशी लावला, ज्यात सोमेश्वर समुद्रात बुडाला. पण एकसर हा अपवाद. तिथे राजाची पदरमोड दिसते. गावोगावचा साधा वीरगळ राजाचे नाव घेत नाही, युद्धाचे घेत नाही, आणि बहुतेक वेळा मेलेल्याचेही घेत नाही.

मग हा मेलेला कोण? खालच्या चौकटीतल्या गायी ते सांगतात. घाटमाथ्याच्या पूर्वेचा कमी पावसाचा पट्टा, माण, सांगोला, बीड, धाराशिवकडचा मुलूख, हा शेतीइतकाच गुराढोरांवर जगणारा प्रदेश. शेजारच्या गावाने किंवा लुटारूंच्या टोळीने गुरे वळवून नेणे ही तिथल्या भांडणाची नेहमीची सुरुवात. महाभारतातसुद्धा विराटाच्या गायी पळवण्यावरूनच लढाई जुंपते. गुरांमागे धावणारे लोक पेशाने शिपाई नव्हते. गुराखी, धनगर, गावचा पाटील, राखणदार, असे कोणीही. काही वीरगळांवर समोर शत्रूऐवजी वाघ किंवा रानडुक्कर आहे. या माणसांनी मरण पत्करायचे ठरवून घर सोडले असेल असे मानायला काही आधार नाही; ती सकाळी कामाला गेली आणि परत आली नाहीत. तरीही त्यांच्या दगडावर अप्सरा येतात. रणात पडलेल्या क्षत्रियासाठी पोथ्यांनी राखून ठेवलेला स्वर्ग गावाने उचलला आणि आपल्या गुराख्याला देऊन टाकला. मला या सगळ्या प्रकारातली ही सर्वांत धीट गोष्ट वाटते, आणि शौर्याचे गोडवे गाताना नेमकी तीच नजरेतून सुटते.

हे करण्याची गरज का पडली ते कळायला जुन्या समाजाने मरणाची प्रतवारी कशी लावली होती ते पाहावे लागते. म्हातारपणी, घरात, मुलानातवंडांच्या हातचे पाणी तोंडात पडून आलेले मरण चांगले. त्यात माणसाचे देणेघेणे संपलेले असते. दहाव्याला पिंड ठेवला की कावळा शिवतो आणि मंडळी हातपाय धुऊन घरी येतात. कावळा शिवला नाही तर मेलेल्याचे काही मनात राहिले असे धरायचे, आणि घरातल्या वडीलधाऱ्याने पिंडासमोर उभे राहून कबूल करायचे की मुलीचे लग्न करू, धाकट्याला सांभाळू. या प्रथेतली समजूत स्पष्ट आहे: इच्छा राहिलेला माणूस जात नाही. अपघाताने, हत्याराने, जनावराने, पाण्यात बुडून आलेल्या मरणात तर इच्छा राहणारच. त्यासाठी शास्त्राने वेगळे विधी सांगितले. प्रेतच मिळाले नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. दुर्मरणासाठी नारायणबळी करायचा, आजही लोक तो करायला त्र्यंबकेश्वराला जातात. हे विधी खर्चाचे आणि भटजींच्या हातातले होते. गुरांमागे धावून पडलेल्या माणसाच्या घरची ऐपत किती, आणि ज्या जातींना वैदिक कर्माचा अधिकारच नाकारला होता त्यांनी काय करायचे? गावात पाथरवट होता, डोंगरात काळा दगड होता. सगळ्या गावाला दिसेल अशा जागी, कोणत्याही मंत्राशिवाय, मेलेल्याला एक ठिकाण देता येत होते. त्याचे जिवंतपणीचे अर्धे राहिलेले आयुष्य दगडावर पुरे करून दाखवता येत होते: तू पडलास, तुला उचलले, तू देवापाशी पोचलास.

यावर एक भक्कम आक्षेप येतो. युद्धातले मरण हे दुर्मरण नव्हतेच, ते सर्वोत्तम मरण होते, असे शास्त्रच सांगते. समोरासमोर लढताना मारला गेलेला योग्याच्या बरोबरीने सूर्यमंडळ भेदून जातो, असे स्मृतिग्रंथांत आहे. शस्त्राने रणात पडलेल्याचे सुतक नातेवाइकांना तत्काळ फिटते, असाही नियम आहे. वीराला जिंकल्यास लक्ष्मी आणि मेल्यास सुरांगना, अशा अर्थाचा संस्कृत श्लोक कर्नाटकातल्या कितीतरी वीरगळांवर कोरलेला आढळतो. अशा मरणाची भीती कशाला आणि व्यवस्था कशाला? आक्षेप खरा आहे, पण तो पोथीच्या बाजूने पाहतो. ज्या गोष्टीविषयी लोकांच्या मनात शंका नसते ती दगडावर पुन्हा पुन्हा कोरून सांगावी लागत नाही. म्हातारपणी घरात मेलेल्या माणसासाठी कोणी अप्सरा कोरल्या नाहीत. त्याची गती काय झाली याची घरच्यांना काळजी नव्हती. तरणाबांड मुलगा गेला तेव्हा ती काळजी होती, म्हणून स्वर्ग चित्रात दाखवावा लागला. शिवाय वाघाने मारलेल्याला रणातल्या मरणाचा नियम कसा लागू करायचा, हे पोथी सांगत नाही. गावाने तो लागू केला. पोथीतले आश्वासन होतेच, पण ते कोणाला द्यायचे हे गावाने ठरवले.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या पद्धतीचा आहे. आज लोक वीरगळांना तेल-शेंदूर घालतात, अमावस्येला नारळ फोडतात, म्हणून बाराव्या शतकातही तसेच होत असेल असे कशावरून? दगडावर तर वीर देव नाही, भक्त आहे. तो लिंगापुढे हात जोडून बसला आहे. पूजा ही नंतरची अज्ञानातून आलेली भर असू शकते. महाराष्ट्रातले दगड बहुतेक मुके असल्यामुळे याचे उत्तर शेजारी शोधावे लागते. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा दगड दहाव्या शतकाच्या मध्यातला, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळचा आहे; आज तो बंगळूरच्या संग्रहालयात आहे. त्यावर चक्क एक शिकारी कुत्रा आहे, काली नावाचा, रानडुकराशी झुंजून मेलेला. लेखात त्या दगडासाठी जमीन दिल्याची नोंद आहे, आणि दगडाची पूजा केल्यावाचून जेवणाऱ्या पुजाऱ्याला पाप लागेल अशी तंबीही आहे. म्हणजे रोज जेवणाआधी पूजा व्हावी अशी व्यवस्था दगड उभा करतानाच झाली होती. त्याहून कितीतरी जुन्या तोल्काप्पियम या तमिळ ग्रंथात वीराचा दगड निवडणे, त्याला स्नान घालणे, रोवणे, नैवेद्य दाखवणे, स्तुती करणे असे टप्पेच सांगितले आहेत. तेव्हा पूजा ही मागाहून चिकटलेली गोष्ट नाही. उरतो तो विरोध: वरच्या चौकटीत वीर कैलासाला गेला आहे, आणि तरी खाली गावात त्याला रोज खाऊपिऊ घालायचे आहे. हा विरोध गावाला कधी खटकलेला दिसत नाही. मेलेला सुखरूप पोचला याची खात्री घरच्यांना हवी होती, आणि तो शिवेवर उभा आहे हा आधार गावाला हवा होता. एकाच दगडाने दोन्ही कामे केली.

नाशिकमध्ये धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते, तिच्यात हे सगळे अजून जिवंत दिसते. घरोघरी देवघरात पूर्वजांचे चांदीचे टाक असतात, बोटभर लांबीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला घोडेस्वार किंवा ढालतलवारवाला. ते टाक त्या दिवशी वाजतगाजत गोदावरीवर स्नानाला नेतात. या मिरवणुकीतला मानाचा वीर म्हणजे दाजीबा, बाशिंगे वीर. त्याची कथा अशी की त्याचे लग्न ठरले होते, अंगाला हळद लागली होती, आणि लग्न लागण्याआधीच तो मारला गेला. म्हणून दरवर्षी ज्याला त्याचा मान मिळतो तो डोक्याला बाशिंग बांधून नवरदेवाच्या थाटात निघतो, आणि लोक रस्त्यात त्याला ओवाळतात, नवस बोलतात. कथेत तो किती शूर होता याला फारसे महत्त्व नाही. त्याचे काय राहिले, हे महत्त्वाचे. जे राहिले ते गाव दर होळीच्या दुसऱ्या दिवशी त्याला देते. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने महाराष्ट्रातल्या धनगर-गवळ्यांची दैवते आयुष्यभर अभ्यासली आणि वीर म्हणून पडलेला माणूस कसा देव होत जातो याचा माग काढला. ही वाट पराक्रमातून जाते तशी अतृप्तीतूनही जाते, असे दाजीबाकडे पाहून म्हणावे लागते.

तिसरा आक्षेप रोखठोक आहे: हा सगळा राजेरजवाड्यांचा आणि वतनदारांचा डाव होता, माणसे मरायला तयार व्हावीत म्हणून. यात तथ्य आहे. कर्नाटकातल्या लेखांत पडलेल्याच्या कुटुंबाला जमीन दिल्याच्या नोंदी आहेत. त्या देणगीला तिथे रक्ताच्या नावानेच ओळखतात. मराठ्यांच्या काळात लढाईत कामी आलेल्याच्या पोरक्या मुलांना बालपरवेशी, म्हणजे संगोपनासाठी नेमणूक, मिळे. कुटुंबाच्या पोटाची सोय असल्यावाचून कोणी भाला उचलत नाही, हे सत्ताधाऱ्याला कळत होते, आणि स्वर्गाचे चित्र जमिनीहून स्वस्त पडते हेही कळत असणार. पण सत्तेचा डाव म्हणून सगळे वीरगळ समजावता येत नाहीत. वाघाशी झुंजून मेलेल्या गुराख्याच्या दगडावर सत्तेला पैसे घालण्याचे कारण नव्हते. आणि डावच असेल तर त्यात नाव हवे. कोणाच्या आज्ञेने, कोणासाठी, कोणत्या राजाच्या राज्यात, हे सांगितल्याशिवाय जाहिरात होत नाही. आपल्याकडचा वीरगळ ते सांगत नाही.

हा डाव सर्वांत उघडा पडतो तो स्त्रियांच्या बाबतीत, आणि तिथे या प्रथेविषयी हळवे होण्यात अर्थ नाही. काही वीरगळांवर किंवा त्यांच्या शेजारच्या दगडावर एका खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला स्त्रीचा हात असतो, पंजा वर, मनगटात चुडा. हा सतीचा दगड. पुरुषाच्या मरणाला पूर्ण देह मिळाला, दोन-तीन चौकटी मिळाल्या, प्रवास मिळाला. तिच्या मरणाला हात मिळाला. बांगड्या शाबूत आहेत, कारण ती विधवा झालीच नाही असे दाखवायचे आहे. अवेळी मेलेल्या पुरुषाची अतृप्ती जशी गावाला भेडसावत होती, तशी त्याच्या तरुण विधवेची उरलेली तीस-चाळीस वर्षेही गावाला अडचणीची वाटत होती, आणि ती अडचण मिटवण्याची ही रीत होती. इथे मरण अवेळी आले नाही, आणवले गेले. तरी दगडाने दोन्ही मरणांना एकाच भाषेत शांत केले. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मागे १७७२ साली थेऊरला रमाबाई सती गेल्या, आणि तिथे त्यांची समाधी आजही पूजली जाते. मुंबई इलाख्यात १८३० साली कायद्याने सतीबंदी आली. दगडांना मात्र बंदी लागू नव्हती. जुन्या सतीशिळांवर हळदकुंकू पडतच राहिले.

आता नावाचा मुद्दा. नाव का नाही? लोकांना वाचता येत नव्हते, अक्षरे खोदायला जास्त पैसे पडत, पाथरवटाकडे ठरावीक नमुना तयार असे, ही सगळी कारणे खरी असतील. पण श्राद्धाची पद्धत पाहिली की आणखी एक कारण सुचते. श्राद्धात बाप, आजा, पणजा एवढ्या तिघांचीच नावे घेतात. चौथा नाव सोडून पितरांच्या घोळक्यात मिसळतो. म्हणजे विसरण्याची मुदत रूढीनेच ठरवून दिली होती. मेलेल्याला जपायचे, पण कायमचे नाही. पणतूनंतर त्याची ओळख राहण्याची अपेक्षाच नव्हती. वीरगळ याच समजुतीत बसतो. तीन पिढ्या लोकांना माहीत होते हा कोण, पुढे तो नुसता वीर झाला, आणखी पुढे नुसता म्हसोबा. आपण त्याला विस्मृती म्हणून हळहळतो. ज्यांनी दगड लावला त्यांच्या दृष्टीने कदाचित तो आपले काम पुरे करत होता.

पुढे दगडाची भाषा बदलली. मराठेशाहीत मोठ्यांसाठी समाध्या, वृंदावने आणि छत्र्या आल्या, आणि वीरगळ मागे पडत गेला. एकोणिसाव्या शतकात एक वेगळीच गोष्ट आली: नाव. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर भीमा कोरेगावला कंपनी सरकारने जो स्तंभ उभारला, त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली. त्यांतली बावीस नावे महार शिपायांची, 'नाक' हा प्रत्यय असलेली, असे मानतात. कंपनीला त्यातून स्वतःच्या फत्तेची द्वाही फिरवायची होती, यात शंका नाही. पण गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाव दगडावर आले, हे त्या हेतूपेक्षा मोठे ठरले. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि तेव्हापासून त्या स्तंभापाशी जी गर्दी लोटत आली, ती इंग्रजांच्या विजयासाठी खासच नाही. उलट पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव ज्या पाट्या बसवल्या, त्यांवर या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत, एवढाच हिशेब असे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. वीरगळावर नाव नव्हते तरी माणूस होता, घोडा होता, गाय होती. पाटीवर आकडा राहिला.

सध्या हौशी मंडळी गावोगावचे वीरगळ शोधून काढतात, धुतात, शेंदराची खपली उतरवतात, ओळीने उभे करतात, फलक लावतात. पायरीला बसवलेले, धुण्याच्या दगडासारखे वापरात असलेले कितीतरी दगड त्यामुळे वाचले, हे मान्यच करायला हवे. पण दगड उचलण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवण्याची सवय अजून फारशी लागलेली नाही: तो नेमका कुठे, कोणत्या तोंडाने उभा होता, आणि त्याला तेल कोण घालत होते. शिवेवरचा वीरगळ ग्रामपंचायतीच्या आवारात आणला की कोरीवकाम सुरक्षित राहते. मेलेल्याला गावाने कोणती जागा दिली होती, ही माहिती मात्र परत मिळवता येत नाही. आणि तेल घालणारी म्हातारी तिच्या सासूने सांगितलेले जे काही जाणते, ते विचारून घ्यायला फार वर्षे उरलेली नाहीत.